दोर धरणारीचं बक्षीस

आमच्या मंडळात आभार मानणाऱ्याला भांडी घासावी लागतात. हा नियम मी केलेला नाही, पण मी तो बंद पडू दिलेला नाही आणि देणारही नाही.

कड्यावरून माणूस वर काढला की सगळी फौज माझ्या खानावळीत येते. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. ज्याला काढलं त्याच्या घरचे आले असतील तर तेही पंगतीला. मग त्यांच्यातलं कुणीतरी गहिवरतं, हात जोडतं, "तुमचे उपकार कसे फेडू" म्हणतं, की इकडून सगळे ओरडतात, "भांडी! भांडी!" एकदा एका न्यायाधीशबाईंनी मुलाच्या आनंदात माझा पिठल्याचा टोप घासला होता. नीट निघाला नव्हता, मला पुन्हा घासावा लागला. आपसातही हाच कायदा. खालून वर आलेला वरच्याला चुकून थँक्यू म्हणाला, की त्या दिवशीची कढई त्याची. हार नाही, शाल नाही, पेढे नाहीत. एकदा का माणसाला हाराची चटक लागली की तो कड्यावर येताना आधी हार कुणाच्या हातात आहे ते बघतो, असं आमच्या मंडळाचे म्होरके अप्पा सकपाळ म्हणायचे. हेच अप्पा पुढे काय करून बसले, ते सांगते.

मी वैजयंता आखाडे. आंबेखिंडीचा घाट सुरू होतो तिथे डाव्या हाताला माझी खानावळ आहे. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. मी भांडायला लागले की ते डबा उचलून ड्यूटीवर जातात. बचाव मंडळात मी पहिल्यापासून आहे आणि माझं काम वर थांबायचं. खाली उतरणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. वरचा माणूस झाडाला नाहीतर खडकाला पाठ लावून दोर धरतो, आणि कड्याच्या धारेवर दोर जिथे घासतो तिथे घातलेलं गोणपाट सरकत नाही ना, एवढं बघतो. दुसरं काही नाही. माणूस वर येईपर्यंत गोणपाट बघत बसायचं.

आणखी एक पद्धत आहे. खाली जाणारा आपली गाठ स्वतः मारतो. मग वरचा ती सोडतो आणि नव्याने मारतो, मग पाठीवर थाप देऊन म्हणतो, "जा, मी आहे." हे झाल्याशिवाय आमच्यात कुणी कड्याखाली पाय सोडत नाही. म्हणजे, सोडत नसे.

मधल्या काळात जग कुठल्या कुठे गेलं. गाड्या आपल्या आपण घाट चढायला लागल्या, औषधं ड्रोनने यायला लागली. पण घळीतल्या वाऱ्यात अडकलेला माणूस उचलेल असं ड्रोन काही निघालं नाही. तिथे माणूसच लागतो, आणि माणसंच आमच्याकडे उरली नाहीत. पोरं शहरात गेली. सरकारने रोख बक्षीस ठेवून पाहिलं, तर बक्षिसावरून आपसात मारामाऱ्या झाल्या आणि होती नव्हती तीही माणसं घरी बसली. शेवटी अप्पा, मी, माझी लेक प्रांजल आणि दोन गुडघेदुखीवाले, एवढं आमचं मंडळ. एकदा खाली दोघं अडकलेले आणि आमच्याकडे दोर ओढायला हात नाहीत. एकाला काढलं. दुसऱ्याला काढायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून डॉक्टर अवंती केळशीकर जेव्हा 'कौतुक' घेऊन आल्या, तेव्हा अप्पांनी त्यांना दारातच हो म्हटलं.

कौतुक म्हणजे कानामागे चिकटवायची पट्टी. बोटाएवढी, कातडीच्या रंगाची. डॉक्टरीणबाई माझ्या खानावळीत बसल्या, भाकरी मोडली आणि ताटातच सगळं समजावून सांगितलं. बाई समजावण्यात हुशार, मला लगेच कळलं.

"वैजूताई, मेंदूत पार आत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. लोकांना वाटतं, तो सुखाचा पुंजका. तसं नाही. तो फरक मोजतो. समजा तुम्ही मला न सांगता ताटात खरवस वाढलात. अपेक्षा नव्हती, मिळाला, त्या पेशी भडकतात आणि मेंदू म्हणतो, आत्ता जे केलंस ते पुन्हा कर. आता तुम्ही रोज खरवस वाढायला लागलात. मला माहीतच आहे, वाढणार. पेशी गप्प. आणि एक दिवस नाही वाढलात, तर त्या नेहमीपेक्षाही खाली जातात. ताट तेच, पिठलं तेच, पण मी रुसून उठते."

"मग तुमची पट्टी रोज खरवस वाढणार? दोन दिवसांत पोरं कंटाळतील की."

त्या हसल्या. "म्हणून ती रोज सारखं वाढत नाही. कधी थोडं, कधी भरपूर, कधी काहीच नाही. मेंदूला अंदाज येऊ देत नाही. भिंगाने ऊन एका ठिकाणी गोळा करतात ना, तसा आपल्याला ऐकू न येणारा आवाज ती त्या पुंजक्यावर गोळा करते. औषध नाही, सुई नाही."

"आणि कुणाला वाढायचं हे ठरवतं कोण?"

"हेल्मेटवर कॅमेरा असतो. जखमी माणसापर्यंत कोण पहिलं पोचलं, त्याला कुणी उचललं, आपल्या दोरावर वर कुणी आणलं, ते यंत्र बघतं. पोचल्यावर पहिला हप्ता, वर आणल्यावर मोठा."

"आणि गोणपाट बघणारीला?"

बाई घुटमळल्या. "तिच्या कॅमेऱ्यात नुसता दोर दिसतो हो. यंत्राला त्यात काही घडताना दिसत नाही. पुढे बघू काहीतरी."

मी लावून बघितली नाही असं कुणी समजू नये. न बघता नाक मुरडणाऱ्यांतली मी नव्हे. सराव होता. गोणीत भुसा भरून बाहुलं केलं होतं, ते कपारीत ठेवलेलं. मी उतरले, बाहुल्याला हात लावला, आणि काय सांगू! छातीत ऊन ऊन काहीतरी पसरत गेलं, डोळे भरून आले. हे मला ओळखीचं होतं. प्रांजल झाली तेव्हा नर्सने तिला आणून माझ्या छातीवर ठेवलं होतं, तेव्हा झालं होतं हे. अगदी तेच. आणि आता समोर काय, तर भुशाचं बाहुलं!

वर आले, पट्टी ओरबाडून काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

"आवडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"आवडलं. म्हणून तर काढली. माझ्या लेकीचं आहे ते, भुशाला वाटायला नाही ठेवलेलं."

प्रांजल बाजूलाच उभी होती. तिने आपली काढली नाही. चोवीस वर्षांची माझी पोरगी, आमच्यातली सगळ्यात चांगली उतरणारी. तिचे गाल लाल झाले होते आणि ती त्या कपारीकडे बघत होती.

पोरं आली. खोटं कशाला बोलू, झुंडीने आली. खालच्या वाड्यांतून, तालुक्यातून, पुण्याहून नोकरी सोडून एक आला. माझ्या खानावळीत बसायला बाक पुरेनात. पहिल्या मोसमात एकही माणूस आमच्या हातून गेला नाही. अप्पा रात्रंदिवस खूश. मी एका कोपऱ्यात दोर धरून बसायची आणि गप्प राहायची, कारण माणसं वाचत होती आणि त्यावर काय बोलणार?

मग हळूहळू वर थांबायला कुणी मिळेना. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "काकू, मागच्या वेळी मीच होतो वर." पूर्वी आम्ही दोन दोर सोडायचो, एक कामाचा आणि एक जिवाचा. दुसरा धरायला माणूस मिळेना तसा तो बंद झाला. त्याऐवजी आपोआप अडकणारं लॉक आलं. गाठ सोडून पुन्हा मारायची पद्धतही गेली, त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात दुसरा कुणी पोचतो. मी आरडाओरडा केला. तेव्हा अप्पा मान खाली घालून माझ्याकडे आले.

"वैजू, वाईट वाटून घेऊ नकोस. बिनपट्टीच्या माणसाचा हात लागला की यंत्राला कुणाचं काय ते कळत नाही. केस बाद होते. पोरांचं बक्षीस जातं, मग ती चिडतात. तेव्हा तू आता... खानावळ सांभाळ."

"म्हणजे मला काढलं."

"काढलं असं नाही गं."

"मग कसं, अप्पा? नीट सांगा की. यंत्राला मी दिसत नाही म्हणून मी नाही, असंच ना? बावीस वर्षं तुम्हाला दिसत होते की नाही मी?"

अप्पा उठले. चहा तसाच ठेवून गेले.

मला काढलं याचं दुःख झालं, पण ते मी गिळलं असतं. पोरीचं गिळता येईना. प्रांजलला जेवण लागेनासं झालं. ठेच्यावर ताव मारणारी मुलगी, भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसायची. मैत्रिणीच्या लग्नाला गेली आणि मधूनच उठून आली. मी विचारलं तर म्हणाली, "चांगलं होतं गं सगळं. पण मला काही झालंच नाही." सारखा फोन हातात. एका सकाळी ओट्याशी उभी राहून सुस्कारा सोडून म्हणाली, "किती दिवस झाले, कुणी पडलंच नाही."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी लाटणं हातात घेतलं ते पापड लाटायला, पण त्या क्षणी कशाला वापरलं असतं ते देवाला ठाऊक.

"काय म्हणालीस?"

"म्हणजे तसं नाही, आई..."

"तसंच! तू माणसं पडायची वाट बघतेस! माझ्या पोटची पोरगी सकाळी उठून म्हणते, कुणी पडू दे! काढ ती पट्टी. आत्ताच्या आत्ता काढ."

"नाही काढणार! तुला बघवत नाही, मला चांगलं वाटतंय ते. तू आयुष्यभर एका गोणीकडे बघत बसलीस, तुला काय कळणार?"

त्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका ताटलीतली चटणी खाऊन. आमचे हे त्या दिवसांत दुप्पट ड्यूट्या करत होते.

फेब्रुवारीत एका दुपारी पोरं जेवायला बसली होती. सगळ्यांचे फोन एकदम वाजले आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. मी बघितलंय ते, वाढता वाढता बघितलंय. "केस! घारकड्यावर केस!" ताटं तशीच टाकून धावली. टॉवर तपासायला दोघं आले होते, एक बाई आणि एक बाप्या, वाळल्या गवतावरून पाय घसरला. पहिली माझी प्रांजल पळाली. तिच्या मागे नव्या पोरांतला निनाद आणि आणखी तिघं. अप्पा वॉकीटॉकी घेऊन खालच्या वाटेने निघाले.

मी ताटं गोळा करायला लागले. मला बोलावणं नव्हतंच. आतल्या खोलीत गेले आणि दारामागच्या खुंटीवर नजर गेली. गोणपाटं तिथेच होती. दोन्ही. दोर नेला, हेल्मेट नेली, कॅमेरे नेले, आणि गोणपाटं खुंटीला! आधी पोचायचं म्हणून कुणी खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी दोन्ही खांद्यावर टाकली, माळ्यावरचा माझा जुना दोर ओढून काढला आणि चुलीवरचं दूध तसंच सोडून धावत सुटले. वय झालंय, दम लागतो. वाटेत शिव्या देत होते, कुणाला ते मलाही माहीत नाही.

घारकड्याच्या माथ्यावर पोचले तर तिथे कुणी नाही.

एक माणूस नाही! जांभळीच्या झाडाला दोर बांधलेला, लॉक लावलेलं, दोर ताणून कड्याखाली गेलेला, आणि धरणारी जागा रिकामी. धारेवर निनादने आपलं जाकीट घातलं होतं म्हणे. ते हातभर लांब सरकून पडलं होतं आणि दोर नागड्या दगडावर घासत होता. दोराला बाहेरून रंगीत वेष्टण असतं आणि आत पांढरे पीळ. पांढरं दिसलं की तो दोर संपला असं समजायचं. मला पांढरं दिसलं. त्यातलाही एक पीळ सुटून वर आला होता.

मी वाकून खाली बघितलं. प्रांजल पायरीएवढ्या कपारीवर होती, त्या बाप्याला स्वतःला बांधून घेतलेलं, दोघांचा भार त्या एका दोरावर.

"निनाद!" मी ओरडले. उजवीकडच्या घळीत चारीजण दिसले. ती बाई घळीत घसरली होती, तिचा नुसता पाय मुरगळला होता, आणि हे चौघं तिच्याभोवती आधी हात कुणाचा म्हणून रेटारेटी करत होते. "मेल्यांनो, वर या! दोर कापलाय!" वारा त्यांच्याकडून माझ्याकडे वाहत होता. एकानेही मान वर केली नाही.

मग मीच. जुना दोर दुसऱ्या खोडाला घातला, गाठ मारली. तपासायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःची गाठ स्वतःच सोडली आणि स्वतःच नव्याने मारली. धारेवर गोणपाट घातलं, दुसरं त्याच्यावर. टोकाला कॅराबिनर, म्हणजे आमची ती उघडझाप होणारी कडी, अडकवला आणि दोर खाली सोडला. तो बरोबर तिच्या खांद्याशी गेला.

"प्रांजल! नवीन दोर आलाय. अडकव!"

तिने वर बघितलं. घाबरलेली नव्हती, चिडलेली होती.

"आई? तू इथे कशाला आलीस! ओढ तो दोर वर! तुझा हात लागला की केस बाद होते!"

"जुना दोर कापलाय गं!"

"खोटं बोलतेस! पहिल्यापासून तुला हे नकोच होतं. पहिला हप्ता आलाय माझा, वर आणलं की मोठा येणार आहे. जा तू! निनाद, दोर ओढ रे!"

निनाद कुठे होता ते तिला दिसत नव्हतं. तिने ओढायची खूण म्हणून दोराला झटका दिला आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरा पीळ सुटला.

मी काय करायला हवं होतं? रडून सांगितलं असतं तर तिला नाटक वाटलं असतं. शपथ घातली असती तर तिने मोडली असती. इतके महिने मी इतकी भांडले होते की माझा कुठलाही शब्द तिला भांडणातलाच वाटत होता. मी गोणपाटावर पालथी पडले, तोंड पार कड्याबाहेर काढलं, तिला माझा चेहरा दिसेल असं. आणि दोरावर हात ठेवून म्हटलं, "प्रांजल. मी आहे."

ती बघत राहिली. त्या बाप्याचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. तिचा हात आधी कानामागे गेला, मग परत आला, मग जुन्या दोरावर गेला. मी दुसरं काही बोलले नाही. बोलायला दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे.

मग कॅराबिनर मिटल्याचा आवाज आला.

मी पाय जांभळीच्या मुळाला लावले, दोर कंबरेमागून घेतला आणि दोघांचा भार घेतला. ओढायची ताकद माझ्यात नव्हती, पण धरून ठेवायची होती, तेच तर माझं काम. तोंडाने मात्र मोकळी होते. आमच्या घाटात जेवढ्या शिव्या चालतात तेवढ्या सगळ्या त्या घळीच्या दिशेने सोडल्या. शेवटी एकाला ऐकू आलं. निनाद धावत आला, धारेवरचा दोर बघितला आणि जागच्या जागी खाली बसला.

"लॉक होतं ना काकू," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "लॉक होतं."

"ऊठ! मग बस रडत. आधी ओढ!"

पोरांनी ओढलं. बाप्या वर आला, त्याचा खांदा निखळला होता, पण जिवंत होता. मागून प्रांजल आली. गवतावर बसली आणि तशीच थांबून राहिली. मला आधी कळेना कशासाठी. मग लक्षात आलं, ती बक्षिसाची वाट बघत होती. डोळे मिटून, श्वास रोखून. तिच्या हेल्मेटमधून यंत्राचा गोड आवाज मलाही ऐकू आला. "केस बाद. अनोळखी हात."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. रया गेली पार. डॉक्टरीणबाईंनी ताटात सांगितलं होतं ना, मिळेल वाटलं आणि नाही मिळालं की पेशी खाली जातात. इतकी खाली गेलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"तुझ्यामुळे," ती म्हणाली. आवाजात नुसता विखार. "तुझ्यामुळे गेलं सगळं."

मी तिच्या मांडीवर जुन्या दोराचा तो भाग आणून ठेवला. पांढरा, पिंजलेला. एक पीळ तेवढा शाबूत होता, तोही धड नाही. ठेवला आणि बाजूला झाले. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

ती दोराकडे बघत बसली. बोटाने तो पीळ चाचपला. मग जी रडायला लागली, ती अॅम्ब्युलन्स येऊन गेली तरी रडतच होती.

संध्याकाळी सगळे खानावळीत आले. दूध उतू जाऊन चूल विझली होती, ती मी पुन्हा पेटवली. डॉक्टरीणबाई तालुक्याहून धावत आल्या होत्या. कॅमेऱ्यांत काय दिसलं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि माथ्यावरची रिकामी जागाही त्यांनी पाहिली होती.

"वैजूताई, यंत्राला शिकवता येईल," त्या म्हणाल्या. "वर थांबणाऱ्यालाही देऊ. गोणपाट सरकलं, त्याने ते नीट केलं, की बक्षीस."

"शिकवा. मग पोरं काय करतील सांगू? गोणपाट सरकवतील आणि नीट करतील. पुन्हा सरकवतील, पुन्हा नीट करतील. खाली कोण लटकलंय ते कुणी बघणार नाही."

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "हो. तसंच होईल." मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ अशाच एका कड्यावर गेला. हाका मारत होता, लोकांना ऐकूही गेल्या. कुणी आलं नाही. म्हणून मी हे बनवलं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्यांच्या ताटात गरम पिठलं घातलं.

"मग त्याच्यासाठी या तुम्ही," मी म्हटलं. "स्वतः या. रविवारी सराव असतो. पट्टी घरी ठेवा. दोर कसा धरायचा ते मी शिकवते."

अप्पा दाराशी उभे होते. "वैजू, पट्ट्या काढल्या तर निम्मी पोरं उद्या दिसणार नाहीत."

"नाही दिसणार."

"मग माणसं मरतील त्याचं काय?"

"त्याचं मला तुमच्याइतकंच दुखतं, अप्पा. त्या वेळी तुम्ही जेवला नाहीत, तशी मीही जेवले नव्हते. पण ज्याला कुणी पडावंसं वाटतं त्याच्या हातात मी दोर देणार नाही. राहतील तेवढ्यांत करू. घरोघर जाऊन माणसं मागू, भांडून मागू. आणि एक ऐकून ठेवा. तुमच्या यादीत मी असले नसले, यंत्राला दिसले नाही दिसले, कड्यावर माणूस अडकला की मी वर असणार. बिनपट्टीची. केस बाद झाली तर होऊ दे. कोण अडवतं ते बघते मी!"

अप्पांनी अडवलं नाही. त्यांनी खुंटीवरून गोणपाट काढलं, झटकलं, नीट घडी घातली आणि पुन्हा खुंटीला लावलं. मग पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ."

पंगत बसली. मी भाकऱ्या थापत होते, त्यामुळे प्रांजल कधी उठली ते कळलं नाही. मागच्या मोरीतून भांड्यांचा आवाज यायला लागला. निनाद उठून म्हणाला, "काकू, मी जातो, ती एकटीच घासतेय."

"बस खाली. तू उद्या घास. आज तिची पाळी आहे."

शेवटची भाकरी उतरवून मी मागे गेले. माझी पोरगी मोरीत उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत राख. पिठल्याचा टोप, परात, सगळ्यांची ताटं, सगळं पुढ्यात ओढून घेतलं होतं. मोरीच्या कट्ट्यावर साबणाच्या वडीशेजारी ती कातडीच्या रंगाची पट्टी पडली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद बिनंद काही नव्हता. नाक लाल, डोळे सुजलेले, घासत होती नुसती. आणि टोप चांगला निघत होता.

तिने माझ्याकडे बघितलं नाही, तोंडाने काही म्हटलंही नाही. आमच्यात म्हणत नाहीत.

मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसले. जळक्या दुधाचं पातेलं ओढून घेतलं.

"तू कशाला घासतेस?" ती म्हणाली. "तुला कुणी कुठे वर काढलं? तू तर मला..." आणि ती टोप पुन्हा घासायला लागली.

"तू दोर अडकवलास ना," मी म्हटलं. "सर जरा तिकडे, राख दे."